पीठ पाइपातनं जाईल ओ, पण आधी पीठ ओळखा

या वेळी आलेल्या प्रश्नांत निम्म्याहून जास्त एकाच गोष्टीवर आहेत, पाइपातून हवेच्या जोरावर माल न्यायचा म्हणजे न्यूमॅटिक कन्व्हेइंग. सोलापुरात अचानक सगळ्यांनाच हे का सुचलं माहीत नाही, बहुतेक एखादा चांगला बोलणारा सेल्समन एमआयडीसीत फिरून गेला असावा. असो. पहिल्या प्रश्नाचं उत्तर लांबलंय, कारण बाकीच्यांची निम्मी उत्तरं त्यातच आहेत.

प्रश्न : चिंचोळी एमआयडीसीत माझी पिठाची युनिट आहे. गहू, ज्वारी आणि बेसन. तीन चक्क्या आहेत, सध्या पोरं पोत्यात भरून लिफ्टनं वरच्या पॅकिंग हॉपरला नेतात. तासाला ३ टन माल, आडवं अंतर साधारण ३५ मीटर, उंची ९ मीटर. दोन कोटेशन आलीत. एक म्हणतो २० एचपी रूट्स ब्लोअर (हवा मारणारा पंप) लावून प्रेशरनं ढकलू. दुसरा म्हणतो ते जुनं झालं, डेन्स फेज घ्या, कॉम्प्रेसरवर चालतं, पीठ हळू जातं. दुसऱ्याचा भाव जवळजवळ दुप्पट आहे. कुठलं घेऊ?

दादा, दोन्ही कोटेशन थोडं बाजूला ठेवा आणि आधी एक गणित बघा. ३ टन पीठ तासाभरात ९ मीटर वर चढवायला नुसत्या वजनाचा हिशोब केला तर फक्त ७५ वॅटच्या आसपास ताकद लागते, म्हणजे जुन्या पिवळ्या बल्बएवढी. बकेट एलिव्हेटर आणि स्क्रू कन्व्हेयर लावला तर घर्षण-बिर्षण धरून २-३ एचपीत काम होतं. तेच हवेनं न्यायचं तर मोटर १० ते १५ एचपीची बसते, कारण तुम्ही पिठाबरोबर ढीगभर हवासुद्धा पळवताय आणि त्या हवेचं बिल महावितरण तुमच्याकडनंच घेणार. त्यामुळे कुणी विचारलं की मी पहिलं हेच विचारतो, एलिव्हेटर का नको?

तुमच्या बाबतीत मात्र एलिव्हेटर नको म्हणायला खरं कारण आहे, आणि ते म्हणजे तीन वेगवेगळी पिठं. एलिव्हेटरच्या बुटात म्हणजे तळाच्या खोक्यात आणि स्क्रूच्या तळाला नेहमी थोडं पीठ पडून राहतं, ते कुणी रोज उघडून साफ करत नाही, मग त्यात टोके होतात, जाळी धरते, ज्वारीचं पीठ कडवट व्हायला लागतं आणि वरनं बेसन चालू केलं की पहिली चार पोती मिसळलेली निघतात. पाइपात हा त्रास नाही, शेवटी दोन मिनिटं नुसती हवा सोडली की लाइन मोकळी. म्हणजे तुम्ही जास्तीचं वीजबिल भरताय ते स्वच्छतेसाठी, हे डोक्यात पक्कं ठेवून पुढं चला.

आता लीन फेज की डेन्स फेज. लीन म्हणजे हवा जास्त, माल कमी, दाणे हवेत उडत जातात, वेग सेकंदाला १५ ते ३० मीटर. एक किलो हवेमागे ५-१० किलो माल, फार तर १५. डेन्स म्हणजे माल जास्त, हवा कमी, माल पाइपाच्या तळानं लाटेसारखा नाहीतर तुकड्या-तुकड्यांनी सरकत जातो, वेग ३ ते ८ मीटर, पण दाब जास्त लागतो म्हणून कॉम्प्रेसर आणि प्रेशर व्हेसल. डेन्स फेज वाईट नाही ओ, उलट झिजवणारा माल किंवा फुटणारा माल किंवा तीन-चारशे मीटर लांब न्यायचं असेल तर मीच सांगेन तेच घ्या. पण ४४ मीटरसाठी, पिठासाठी, जिथं पाइप झिजत नाही आणि पीठ आधीच दळलेलं असल्यामुळे अजून फुटायची भीती नाही, तिथं डेन्स फेज म्हणजे कोपऱ्यावरच्या दुकानात जायला ट्रॅव्हल्स बुक करण्यासारखं झालं. शिवाय कॉम्प्रेसरच्या हवेत तेल आणि पाणी येतं, ते काढायला ड्रायर, फिल्टर, ऑटो ड्रेन, त्याचा मेन्टेनन्स, आणि पावसाळ्यात एक दिवस ड्रायर बंद पडला की पाइपात कणीक मळून तयार.

मग पहिलाच घ्या का? तर तोही नाही. तुमच्याकडे तीन चक्क्या आहेत आणि हॉपर एक. आमच्या धंद्यात एक साधी ओळख असते, माल अनेक जागांवरनं एका जागी आणायचा असेल तर ओढा, एका जागेवरनं अनेक जागी वाटायचा असेल तर ढकला. प्रेशरनं ढकलायचं म्हटलं की प्रत्येक चक्कीखाली रोटरी एअरलॉक व्हॉल्व पाहिजे, म्हणजे फिरत्या पात्यांच्या खणांतनं पीठ खाली सोडणारा व्हॉल्व, जो दाबाची हवा वर चक्कीत जाऊ देणार नाही. हा व्हॉल्व नवा असताना पात्याची आणि बॉडीची फट मिलीमीटरच्या दहाव्या भागाएवढी असते, पण ती वाढत जाते, आणि शिवाय रिकामा झालेला प्रत्येक खण परत वर येताना हवा घेऊनच येतो. ती हवा वरनं पडणाऱ्या पिठाला उचलून धरते आणि माणूस म्हणतो ‘पीठ खाली उतरतच नाही’ आणि हॉपरवर हातोडा घालतो. व्हॅक्यूमनं ओढलं तर चक्कीखाली साधा पिकअप, म्हणजे पीठ पाइपात घेणारं तोंड, पुरतो, एअरलॉक फक्त एक, वरती हवेतनं पीठ वेगळं करणाऱ्या सायक्लोन-फिल्टरच्या खाली. आणि कुठं गॅस्केट फाटलं तरी हवा आत जाते, पीठ बाहेर उडत नाही. पिठाच्या कारखान्यात ही शेवटची गोष्ट मला सगळ्यात मोठी वाटते, ते पुढं सांगतो.

व्हॅक्यूमची मर्यादा अशी की ओढून ओढून किती ओढणार, ०.४ ते ०.५ बारच्या पुढं व्यवहारात कुणी जात नाही, त्यामुळे लांब पल्ला आणि मोठा टनेज जमत नाही. पण ४४ मीटर आणि ३ टन याला काही अडचण नाही. मोठ्या रोलर फ्लोअर मिलमध्ये बघा, रोलरखालचा माल वर चाळणीला ओढूनच नेतात.

अंदाजे आकडे सांगतो म्हणजे कुणी काही बोललं तर तुम्हाला ताडून बघता येईल. गव्हाच्या पिठाचं एका घनमीटरला वजन ५०० ते ६०० किलो धरा. उचलायचा वेग १८ ते २० मीटर. पाइप ३ ते ४ इंची. हवा तासाला साधारण ४५० ते ७५० घनमीटर. कुणी ६ इंची पाइप आणि ४० एचपी सांगत असेल तर त्याच्या गोडाऊनला तोच ब्लोअर पडून आहे असं समजा, आणि कुणी २ इंचीत बसवून देतो म्हणाला तर त्याला चहा पाजून परत पाठवा.

बेंडचं म्हणजे पाइपाच्या वळणाचं बोलायचं तर जितके कमी तितकं बरं. एक बेंड म्हणजे सरळ पाइपाचे कितीतरी मीटर वाढल्यासारखे असतात, दाब खातो. पिकअपनंतर लगेच बेंड नको, तीन-चार मीटर सरळ आडवा पाइप ठेवा, मालाला वेग घ्यायला जागा लागते, एसटीला स्टँडातनं बाहेर पडून वेग घ्यायला लागते तशी. आणि सगळ्यात महत्त्वाचं, तिरपा पाइप टाकू देऊ नका. फॅब्रिकेटर हमखास म्हणतो, साहेब कशाला आडवा आणि मग उभा, तिरपा मारतो, दोन बेंड आणि चार मीटर पाइप वाचेल. वाचतो, पण तिरप्या पाइपात माल तळाला बसून मागं घसरत राहतो आणि जिथं आडव्याला १८ पुरत होता तिथं जास्त वेग लागतो. आडवा किंवा उभा, मधलं काही नाही.

ओढायच्या लाइनीत ब्लोअर फिल्टरच्या पुढं येतो, त्यामुळे फिल्टरची एखादी कापडी पिशवी फाटली की पीठ सरळ ब्लोअरच्या पोटात. म्हणून मध्ये एक जास्तीचा सेफ्टी फिल्टर घ्याच, कोटेशनमध्ये नसेल तर लिहून घ्या.

आता ते राहिलेलं. पिठाची धूळ पेट घेते, नुसती पेट घेत नाही तर स्फोट होतो. एका घनमीटर हवेत ५०-६० ग्रॅम पीठ तरंगत असलं तरी पुरतं. गंमत अशी की चालू पाइपाच्या आत पीठ इतकं दाट असतं की तिथं पेटायला हवाच कमी पडते, धोका असतो तो फिल्टरच्या आणि हॉपरच्या मोकळ्या जागेत, जिथं ते पातळ होतं. आणि खोलीत तुळयांवर, केबल ट्रेवर साठलेली धूळ तर जास्तच वाईट, कारण पहिला छोटा धमाका ती सगळी उडवतो आणि दुसरा मोठा होतो. अमेरिकेत जॉर्जिया राज्यातल्या पोर्ट वेंटवर्थच्या साखर कारखान्यात ७ फेब्रुवारी २००८ ला हेच झालं, १४ माणसं गेली, साखरेच्या धुळीनं. आपल्याकडे फॅक्टरीज अ‍ॅक्ट १९४८ च्या कलम ३७ मध्ये (२०२५ मध्ये त्या कायद्याची जागा नव्या लेबर कोडनं घेतली) अशा धुळीबद्दल काय करायचं ते लिहिलेलं होतं, पण ते वाचलेला मालक मला अजून भेटायचाय. तर प्रत्येक फ्लँजवरनं तांब्याची पट्टी टाकून सगळी लाइन अर्थ करा, फिल्टरच्या पिशव्या अँटिस्टॅटिक घ्या, फिल्टरला एक्स्प्लोजन व्हेंट, म्हणजे स्फोटाचा दाब बाहेर सोडणारं झाकण, घ्या आणि त्याचं तोंड भिंतीबाहेर मोकळ्या जागेत, पोरांच्या जेवायच्या जागेकडे नको. चक्कीच्या आधी मॅग्नेट लावा, एखादा खिळा ठिणगी काढतो. आणि झाडूनं धूळ उडवणं बंद, व्हॅक्यूम क्लीनर वापरा.

ऑर्डर द्यायच्या आधी तुमच्याच तिन्ही पिठांची दोन-दोन पोती घेऊन सप्लायरच्या टेस्ट प्लांटवर जा. त्याच्याकडे टेस्ट प्लांट नसेल तर त्यानं बसवलेली पिठाचीच दुसरी लाइन दाखवायला सांगा, सिमेंटची दाखवली तर उपयोग नाही. तिथं गेलात की माझी एक सवय आहे ती तुम्हीही करा, बेंडकडे बघा. हातोड्याचे पोचे दिसले की समजायचं लाइन रोज चोक होते आणि ऑपरेटर बडवून मोकळी करतो. रंग नवीन मारलेला असेल तर हात फिरवा, पोचे हाताला लागतात.

प्रश्न : होटगीच्या पुढं आमचा फ्लाय अ‍ॅशच्या विटांचा कारखाना आहे. राख बल्करनं (टाकीच्या ट्रकनं) येते, बल्करवाला त्याच्या कॉम्प्रेसरनं ४ इंची पाइपातनं सायलोत (राख साठवायच्या उंच टाकीत) मारतो. सायलोवरचा शेवटचा बेंड दर दोन-तीन महिन्यांनी फुटतो. वेल्डर पॅच मारून मारून कंटाळला. जाड पाइप टाकला, लांब गोलाईचा बेंड टाकला, तरी तेच.

शेवटचाच बेंड फुटतो ना, त्यातच उत्तर आहे. हवा पाइपात पुढं जाताना दाब कमी होतो आणि ती फुगते, फुगली की वेग वाढतो. सुरुवातीला दाब १ बार असेल तर टोकाला वेग जवळजवळ दुप्पट झालेला असतो, म्हणजे खाली १५ मीटरनं निघालेली राख वर ३० नं येऊन बेंडवर आपटते. आणि झीज वेगाच्या सरळ प्रमाणात वाढत नाही, साधारण अडीच ते तीन घातानं वाढते. २० चा वेग ३० झाला तर झीज तिप्पट. फ्लाय अ‍ॅशमध्ये सिलिका आणि अ‍ॅल्युमिना ठासून भरलेलं, म्हणजे तुम्ही दिवसभर पाइपाला आतून पॉलिश पेपर मारताय. फताटेवाडीला कोळशावरचा १३२० मेगावॅटचा वीज प्लांट उभा राहिल्यापासून राखेची लाइन पहिल्यांदाच बघणारे खूप जण झालेत आणि सगळ्यांचा पहिला उपाय जाड पाइप हाच असतो.

जाड पाइपानं दोन महिन्याचे तीन होतील, बास. लांब गोलाईचा बेंड ऐकायला बरा वाटतो पण राख त्यात एकाच ठिकाणी घासत जाते, तिथंच भोक. मी तुमच्या जागी असतो तर शेवटच्या वळणाला बेंडच नसता ठेवला, साधा टी (इंग्रजी T सारखा तीन तोंडांचा जोड) लावला असता आणि सरळ जाणारं तोंड डमी फ्लँजनं बंद केलं असतं. त्या बंद कप्प्यात राख साठते आणि मागनं येणारी राख लोखंडावर न आपटता राखेवरच आपटते. दाब थोडा जास्त जातो, पण सायलोवर चढून वेल्डिंग करण्यापेक्षा परवडला. पैसे असतील तर सिरॅमिक किंवा कास्ट बेसॉल्ट लायनिंगचा बेंड घ्या. एक लक्षात ठेवा, बेंड टणक केला की बेंडनंतरचा पहिला मीटरभर सरळ पाइप फुटायला लागतो, कारण राख तिथं उसळून लागते, म्हणून तोही तुकडा लायनिंगचा घ्या नाहीतर फ्लँजमध्ये ठेवा आणि दर काही महिन्यांनी थोडा फिरवा, चारी बाजू वापरून होतात.

पुढच्या अर्ध्या लाइनला ५ इंची पाइप टाकून वेग खाली आणता येतो, मोठ्या प्लांटमध्ये असंच करतात. पण कुठून मोठा करायचा हे दाबाचं गणित करूनच, फार आधी मोठा केलात तर वेग एकदम पडतो आणि राख तिथंच बसते, मग बेंड फुटण्याऐवजी लाइन चोक, दुखणं तेच फक्त डॉक्टर वेगळा.

आणि ड्रायव्हरशी बोला. त्याला २५-३० टन लवकर खाली करून पुढची खेप मारायची असते, तो हवेचा व्हॉल्व पूर्ण उघडतो आणि राखेचा कमी. राख कमी, हवा जास्त, वेग प्रचंड. त्याला चहा-नाश्ता द्या आणि अर्धा तास जास्त थांबवा, बेंडपेक्षा स्वस्त पडतं.

तुम्ही विचारलं नाहीत पण सांगतो. बल्कर रिकामा होत आला की शेवटी आतली सगळी दाबाची हवा एकदम सायलोत येते. सायलोवरचा बॅग फिल्टर तुंबलेला असेल तर ती हवा जाणार कुठं? मी उमेदवारीत असताना एका ठिकाणी सायलोचं झाकण बोल्टासकट उचललेलं बघितलंय, खाली कुणी नव्हतं म्हणून ठीक. प्रेशर रिलीफ व्हॉल्व आहे ना वर? त्याच्यावर राख जमून तो दगडासारखा झाला नाही ना? सायलो भरत आला की सांगणारा हाय लेव्हल स्विच चालू आहे का? बेंड फुटला तर राख सांडते, इथं माणूस जातो. उद्याच कुणालातरी वर चढवा, सेफ्टी बेल्ट लावून.

प्रश्न : मी जुळे सोलापुरात शेंगा चटणी आणि लाल तिखट करते, बचत गटाच्या आम्ही नऊ जणी आहोत. एकजण व्हॅक्यूम लोडर घ्या म्हणून मागं लागलाय, म्हणतो चटणी आपोआप पॅकिंग मशीनच्या हॉपरमध्ये जाईल. दीड लाख सांगतोय. घ्यावं का?

ताई, चटणीसाठी अजिबात नको. शेंगदाण्यात जवळजवळ निम्मं तेलच असतं आणि कुटल्यावर ते सुटतं, आपल्या चटणीची चव तर त्या सुटलेल्या तेलातच आहे. ती पाइपात ओढली की आतून लेप बसतो, फिल्टरच्या पिशवीवर लेप बसतो, आठवड्यात लोडर ओढायचं बंद करतो, आणि पाइपात राहिलेलं तेल खवट होऊन पुढच्या चटणीला वास लावतो. त्या माणसाला म्हणा, आमचीच पाच किलो चटणी आमच्यासमोर सलग दोन दिवस ओढून दाखव, मग बघू. येणार नाही तो.

लाल तिखटाचं वेगळं. ते कोरडं असेल तर छोटा व्हॅक्यूम लोडर चालतो आणि तुम्हा नऊ जणींच्या नाका-डोळ्यांची आग वाचेल हा त्याचा खरा फायदा, काम लवकर होणं हा नाही. पण तिखटाला तेलाचा हात लावून कुटत असाल तर परत तेच. आत्ता तुमचा माल दिवसाला किती होतो ते तुम्ही लिहिलं नाहीत, पण नऊ जणी हातानं भरताय म्हणजे दोन-तीनशे किलोच्या वर नसावा. त्याला स्टीलची झाकणाची टिपाडं, चाकाची ट्रॉली आणि हॉपरवर उपडं करायला एक टिपाड-लिफ्टर पुरे. तिखटाच्या जागेवर एक चांगला एक्झॉस्ट आणि सगळ्यांना मास्क, आधी हे करा. उरलेल्या पैशात पॅकिंगचं वजन बिनचूक देणारा काटा घ्या, गिऱ्हाईक तेवढंच बघतं.

प्रश्न : मी सूतगिरणीत ३१ वर्षं ब्लो रूमला (कापूस मोकळा आणि साफ करायच्या खात्याला) होतो, आता रिटायर. आमच्याकडं कापूस डक्टमधनं हवेनंच जायचा. तुम्ही म्हणता ते न्यूमॅटिक हेच का? नातू म्हणतो हे नवीन टेक्नॉलॉजी आहे.

काका, नातवाला सांगा आजोबा ही टेक्नॉलॉजी चालवून पेन्शनीत गेले. तत्त्व तेच, फक्त कापूस इतका हलका की त्याला ब्लोअर लागत नाही, साधा फॅन पुरतो, दाब नगण्य, हवा मात्र ढीगभर. तुम्ही बघितलं असेल, डक्टला आतून खरखरीत जोड राहिला की तिथं कापसाची गाठ धरायची, आणि पावसाळ्यात जास्त धरायची. पिठाच्या पाइपाचंही अगदी हेच होतं, वेल्डिंगचा मणी आत राहिला की तिथंच सुरुवात.

तुम्हाला आवडेल अशी एक गोष्ट सांगतो. ज्याला सगळे रूट्स ब्लोअर म्हणतात त्याचं पेटंट १८६० चं आहे, अमेरिकेत इंडियाना राज्यातल्या कॉनर्सव्हिलच्या फिलँडर आणि फ्रान्सिस रूट्स या भावांचं. आणि ते होते लोकरीच्या गिरणीवाले! गिरणीसाठी चांगलं पाणचक्र बनवायला गेले आणि हातात आला हवा मारणारा पंप. म्हणजे हा ब्लोअर मूळचा तुमच्याच बिरादरीतला.

प्रश्न : बार्शीला डाळ मिल आहे. तूरडाळ पॉलिशनंतर पॅकिंगला हवेनं न्यायची आहे, ६० मीटर. तुकडा किती वाढेल?

लीन फेजनं नेलीत तर एवढा वाढेल की पहिल्या महिन्यात तुम्हीच पाइप काढून टाकाल. २० मीटरच्या वेगानं डाळ बेंडवर आपटते, वर पॉलिशही जातं आणि पावडर होते. बकेट एलिव्हेटर आणि बेल्ट कन्व्हेयर लावा, बकेट प्लास्टिकचे, बेल्टचा वेग कमी. जागेमुळे हवेशिवाय इलाजच नसेल तर कमी वेगाचं डेन्स फेज, आणि तेही स्वतःच्या डाळीची ट्रायल घेऊन, आधी आणि नंतर चाळणी मारून तुकडा मोजून. करारात तुकड्याची टक्केवारी लिहून घ्या, ‘नगण्य’ असा शब्द चालू देऊ नका.

प्रश्न : डिप्लोमा मेकॅनिकलला आहे. कुठला पावडर डेन्स फेजला चालेल हे लॅब नसताना कसं ओळखायचं?

पाण्याची रिकामी बाटली घे, पूर्ण वाळव, निम्मी पावडर भर, झाकण लावून जोरात हलव आणि टेबलावर ठेव. मग बघत बस. सिमेंट किंवा फ्लाय अ‍ॅश असेल तर बाटली तिरकी केली की वरचा भाग पाण्यासारखा हलतो आणि बसायला वेळ लावतो, त्यानं हवा धरून ठेवलीय. हा माल डेन्स फेजला लाटेसारखा छान वाहतो. प्लास्टिकचे दाणे टाक, ते लगेच बसतात पण त्यांच्यातनं हवा आरपार जाते, तेही डेन्सला चालतात, फक्त लाटेऐवजी तुकड्या-तुकड्यांनी. अडचण मधल्यांची. साखर, बारीक वाळू, हे हवाही धरत नाहीत आणि नीट आरपारही जाऊ देत नाहीत, त्यांना साध्या डेन्स फेजमध्ये घातलं की पाइपात बूच बसतं. आणि पावडर बाटलीच्या भिंतीला चिकटून राहिली तर पाइपाच्या आधी तुझा हॉपर तुंबणार आहे. याचं पुस्तकी रूप पाहिजे तर डेव्हिड गेल्डार्टनं १९७३ मध्ये केलेलं ए, बी, सी, डी वर्गीकरण वाच, व्हायवाला हमखास विचारतात. आधी बाटली कर पण.

प्रश्न : अक्कलकोट रोड एमआयडीसीत साखर दळून पिठीसाखर करतो. रूट्स ब्लोअरची प्रेशर लाइन आहे. डिसेंबरात मस्त चालते, एप्रिल-मेमध्ये चोक व्हायला लागते आणि साखरेच्या गाठी येतात. ब्लोअरवाला म्हणतो ब्लोअर ओके आहे.

तो खोटं बोलत नाहीये, ब्लोअर ओकेच आहे, हवा पातळ झालीय. कोटेशनमधला हवेचा आकडा बहुतेक समुद्रसपाटीच्या २० डिग्रीच्या हवेचा असतो, जिचं वजन घनमीटरला १.२ किलो. आपलं सोलापूर साडेचारशे मीटरच्या वर आणि मेमध्ये ४२ डिग्री, म्हणजे इथल्या हवेचं वजन १.०६ किलोच्या आसपास. बारा टक्के हवा कोटेशनमध्येच गळाली. ब्लोअर दर फेऱ्याला तेवढंच आकारमान घेतो, वजन त्याच्या हातात नाही. डिसेंबरात लाइन काठावर चालत असणार, मेमध्ये काठावरनं खाली.

गाठींचं कारण वेगळं. रूट्स ब्लोअर ०.५ बारला चालला की हवा ५०-६० डिग्रीनं तापते, ४२ ची हवा आत गेली की बाहेर शंभरच्या घरात. पिठीसाखर त्या हवेत मऊ पडते, पाइपाला चिकटते, थंड झाली की कडक. ब्लोअरनंतर हवा थंड करणारा आफ्टरकूलर टाका, साखरेच्या लाइनला तो पहिल्या दिवसापासून असायला हवा होता. पुली बदलून ब्लोअरचा स्पीड थोडा वाढवता येईल, पण मोटरचे अँपिअर बघून. आणि हे सगळं करायच्या आधी ब्लोअरचा सक्शन फिल्टर काढून उन्हात धरून बघा, पलीकडचं दिसतंय का. मागच्या वर्षी अशाच एका ठिकाणी दोन तास बसून हिशोब केला मी आणि शेवटी फिल्टरमधनं चिमणीचं घरटं निघालं.